आक्का, तुझ्या त्या अर्जाबद्दल

आक्का, काल तुझं उत्तरकार्य झालं. पाहुणे गेले, दारातला मांडव उतरला, तुझ्या महेशनं भाड्यानं आणलेली पातेली परत पाठवली. मी सगळ्यात होते. भात वाढला, पानं उचलली, कोण कुठल्या एसटीनं जाणार ते विचारून घेतलं. रडले मात्र नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही. गल्लीतल्या बायका माझ्याकडं बघून एकमेकींना खुणावतात. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर एकजण हात धरून म्हणाली, "सुमाताई, थोरली भन गेली, रडा की हो एकदा. आत ठेवू नगासा." मी मान हलवली. आत काही असतं तर ठेवलं असतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात आणि आपलाच गाल आपला वाटेनासा होतो ना, तसं सगळं अंग झालंय.

तू गेलीसही अशीच, कुणाला पत्ता न लागू देता. सकाळी अकराला चौकटीला टेकून गवार मोडत बसली होतीस. तुझ्या सुनेनं, रूपालीनं, आतून विचारलं, "आत्ती, भाकरी टाकू का?" तू उत्तर दिलं नाहीस. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिनं दुसऱ्यांदा विचारून बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसणार. तुझी नात ईश्वरी तेव्हा शाळेत होती. मीही शाळेतच होते, तळमजल्यावर, माझ्या ग्रंथालयात. महेशचा फोन आला तेव्हा मी पाचवीच्या पोरांना पुस्तकं देत होते. फोन ठेवला आणि रांगेतल्या उरलेल्या चार पोरांनाही पुस्तकं दिली. मग निघाले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते आहे.

ईश्वरीनं तेव्हापासून तोंड मिटलं ते मिटलंच. हाक मारली की येते, ताट पुढं ठेवलं की दोन घास खाते. सगळे म्हणतात, आज्जीची लाडकी होती, बसलाय धक्का पोरीला. मीही तेच म्हणत होते. कालपर्यंत.

आपलं दीड वर्ष ज्यावरून बिनसलं होतं, ती पाच पुस्तकं अजून शाळेच्या फळीवर परत आलेली नाहीत. मराठीत आलेली जाडजूड मालिका. ढगांच्या वरच्या गावात एक मुलगी मंत्रविद्या शिकते आणि दर भागात कुणातरी दुष्टाशी लढते. पोरांच्या त्यावर उड्या पडायच्या. एक भाग परत आला की तीन पोरं दारात उभी. वीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं मी, पण पोरं मधल्या सुट्टीत डबा सोडून पुस्तकासाठी आलेली पहिल्यांदाच बघत होते.

तुझ्या सत्संगाच्या ग्रुपवर त्याबद्दल मेसेज फिरत होता. मुलांना राक्षसी विद्या शिकवणारी पुस्तकं शाळांत शिरली आहेत, ती आपले देव विसरायला लावतात, ज्या घरात ती वाचली जातात त्या घरावर संकट येतं. तूच मला तो दाखवलास आणि वर हसलीस. "संकटाला काय वाचाय येतंय व्हय गं?" म्हणालीस. म्हणून तर शाळेत आलेल्या अर्जाखाली पहिली सही तुझी बघून मी ती पुन्हा वाचली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावून तो कागद पुढं ठेवला. आमच्या मुलांच्या हातात मंत्रतंत्राची पुस्तकं देऊ नयेत, ती ग्रंथालयातून काढावीत, अशी नम्र विनंती. खाली तुझ्या सत्संगातल्या अकरा जणींच्या सह्या. तुझी सही मी कुठंही ओळखेन. सातवीत शाळा सुटली तेव्हा जशी होती तशीच, प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ. सर म्हणाले, "बाई, वाद नको. तूर्त कपाटात ठेवा, कुलूप लावा." मी "बरं सर" म्हणाले. एवढंच. परत आले, पाच भाग उचलले, कपाटात ठेवले आणि कुलूप घातलं.

मग शाळा सुटल्यावर तुझ्याकडं आले ती तावातावानं. तू मेथी निवडत होतीस. मी दारातूनच सुरू केलं. "आक्का, माझ्याच शाळेत? मला एका शब्दानं विचारायचं तरी! काय तोंड दाखवू मी तिथं? पोरांना काय सांगू, पुस्तकं कुठं गेली म्हणून?"

तू मान वर केली नाहीस. "सांग की, कुलूप लावलं म्हणून."

"तुझ्यामुळं लावलं!"

"मी अर्ज दिला," तू म्हणालीस. "कुलूप तू लावलंस. सायेबाला न्हाय म्हणाली असतीस तर मी काय तुझा हात धरणार होतो?"

तुझं ते 'होतो'! आपल्याकडच्या बायका बोलतात तसं तू आयुष्यभर पुरुषासारखं बोललीस आणि मी शिकून 'होते' म्हणायला लागले, त्यावरून तू मला किती चिडवायचीस. त्या दिवशी मात्र कुणीच चिडवायच्या मनःस्थितीत नव्हतं. मला ते वाक्य झोंबलं, कारण ते खरं होतं. खरं झोंबलं की माणूस दुसरीकडं चावतो. मी म्हणाले, "पोरांच्या गोष्टीला घाबरतेस? वय काय तुझं? गोष्ट आहे ती आक्का. गोष्टीनं कुणी मरत नाही."

तू मेथीची जुडी खाली ठेवलीस.

"दिगू गोष्टीनंच मेला, सुमे."

अडतीस वर्षांत तुझ्या तोंडून त्याचं नाव मी ऐकलं नव्हतं. दिगू, तुझा थोरला, महेशच्या आधीचा. सहा वर्षांचा होऊन गेला. मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते आणि मला एवढंच माहीत होतं की ताप डोक्यात गेला. त्या संध्याकाळी तू मला बाकीचं सांगितलंस. आवाज न चढवता, मेथीकडं बघत. गडहिंग्लजच्या पलीकडं तुझं सासर. पोराला ताप भरला. सासूबाईंनी देवरशी बोलावला. त्यानं लिंबू उतरवलं, कडुलिंबाचा पाला अंगावरनं फिरवला, गंडा बांधला आणि सांगितलं, बाहेरचं हाय, तीन दिवस डॉक्टरचं औषध द्यायचं न्हाय, न्हायतर मंत्र उलटतोय. तू उंबऱ्यात उभी राहून तीन दिवस पाल्याकडं बघत होतीस. चौथ्या दिवशी कुणाचं न ऐकता पोराला खांद्यावर टाकून गडहिंग्लजच्या एसटीत बसलीस. एसटी पोचली. दिगू नाही पोचला.

"आणि मग म्हणाले, शेजारणीनं करणी केली," तू म्हणालीस. "तिच्या दारात जाऊन शिव्या दिल्या सगळ्यांनी. मी एकटी म्हणत होतो, अवो ताप होता, ताप! कुणी ऐकलं न्हाय. सत्संगात गेलो, तिथला पयला नेम काय हाय माहीत हाय? देवरशाकडं जायचं न्हाय. गंडा न्हाय, उतारा न्हाय. त्या एका नेमासाठी मी गेलो तिथं. माझ्या महेशवरनं कधी कुणी लिंबू उतरवलं न्हाय."

तेव्हा मला तू सांगितलंस की अर्ज दिलास त्या आठवड्यात ईश्वरी तुला तिसरा भाग मोठ्यानं वाचून दाखवत होती. तिला सवयच होती, तू भाजी निवडायचीस आणि ती वाचायची. त्या भागात ढगांवरच्या मुलीच्या धाकट्या भावाला ताप भरतो. ती त्याच्या छातीवर एक पान ठेवते, मंत्र म्हणते आणि ताप उतरतो. ईश्वरी वाचता वाचता म्हणाली, "आज्जी, भारी ना?"

"ते पान म्हणं हिरवंगार होतं," तू म्हणालीस. "आणि पोरगं उठून बसलं."

वीस वर्षं पुस्तकांत घालवलेली बाई मी, आणि मला एक वाक्य सुचलं नाही. "चहा टाकते," म्हणून मी आत गेले. चहा घेतला आपण. ईश्वरीच्या परीक्षेबद्दल बोललो. मी घरी गेले. त्यानंतर तो विषय ना तू काढलास, ना मी.

उत्तर मला फार उशिरा सुचलं. खोटं आहे हे माहीत असून ऐकायची ती गोष्ट, आणि खरं म्हणून गळ्यात बांधतात तो गंडा. वाक्य चांगलं आहे, नाही? मी ते कितीदा मनात म्हणून बघितलं. आणि दर वेळी तुझा आवाज ऐकू यायचा, "सहा वर्साच्या पोराला कळतंय व्हय त्यातलं?" तुझी बाजूही मीच लढवत होते आणि हरतही मीच होते. समोरासमोर बोलले असते तर तू तिसरंच काहीतरी काढलं असतंस, जे तुझ्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. ते काय असतं, हे आता कळायची सोय नाही.

तुझ्या अर्जाचं पुढं काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तुला माहीत नाही. शाळा चालवणाऱ्या संस्थेतल्या एका सभासदाला त्यात रस आला. महिन्याभरात त्यानं यादीच करून आणली. राक्षस असलेली, परी असलेली, बोलणारी जनावरं असलेली, भुताखेताची. चांगली चाळीसेक पुस्तकं. 'पालकांच्या मागणीवरून' असं वर लिहिलेलं आणि सोबत तुझा अर्ज जोडलेला. सर पुन्हा म्हणाले, "बाई, वाद नको." आणि आक्का, मी पुन्हा खाली जाऊन ती पुस्तकं काढायला लागले. फळीवरून एकेक काढत होते आणि टेबलावर रचत होते. तुला फोन केला तो भांडायला नाही. नुसतं सांगितलं, तुझ्या अर्जावर आता अशी यादी आली आहे.

दुसऱ्या दिवशी तू शाळेत आलीस. सोबत कुणी नाही. कपाळाला आठी. सरांच्या खोलीत बसून तू यादी वाचलीस, बोट ठेवत ठेवत, सावकाश. तो सभासदही तिथंच होता. त्याची चुळबुळ चालली होती. एका नावाशी तुझं बोट थांबलं. आपल्या भागातल्या लोककथांचं पुस्तक होतं ते.

"ह्यात तो राक्षस हाय न्हवं, जीव पोपटात ठेवलेला?"

मी म्हणाले, "आहे."

तू त्या सभासदाकडं वळलीस. "ह्यो राक्षस आमच्या आईनं सांगितलेला हाय. तुम्ही कोण त्याला काढणार?"

तो म्हणाला, "आजी, तुमचाच अर्ज आहे ना? आम्ही तर तुमचंच काम पुढं नेतोय."

"माझं काम मी न्हेतो. माझा अर्ज मंत्रानं ताप उतरवणाऱ्या पोरीबद्दल होता. कोल्ह्यालांडग्याबद्दल न्हवता. पेन द्या इकडं."

आणि तू तुझ्या सहीवर आडवी रेघ मारलीस. सरांच्या तोंडावरचा ताण सैल झालेला मला स्पष्ट दिसला. ते घाईनं म्हणाले, "मग आजी, ती पाच पुस्तकंही परत फळीवर लावू ना?"

"न्हाय! ती कुलपातच ऱ्हाऊ देत. त्याचा दुसरा अर्ज लिवतो की. कागद हाय का?"

तिथंच बसून लिहिलास. एकच ओळ, एकच सही. पहिली सही गेल्यावर बाकीच्या दहाजणींनाही उत्साह उरला नाही. सरांनी यादी फायलीत घातली आणि ती फाईल पुन्हा कुणी उघडली नाही. टेबलावरची चाळीस पुस्तकं मी फळीवर लावली. ग्रंथालय तुझ्यामुळं वाचलं, आक्का. ज्या बाईनं कुलूप लावायला लावलं तिच्यामुळं. मी तुला फाटकापर्यंत सोडायला आले. रिक्षा येईपर्यंत आपण दोघी उभ्या होतो. मला "बरं केलंस" एवढं म्हणायचं होतं. पण ती पाच पुस्तकं आत होती. मी रिक्षाला हात केला. तू रिक्षात बसताना म्हणालीस, "चटणी केलीया. ईश्वरीच्या हाती देतो लावून." मी म्हणाले, "दे."

आता जे सांगायचं आहे ते तुझ्याकडून रागावून घेण्यासारखंच आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडंच होती. ईश्वरी दर आठवड्याला यायची, काही मागायची नाही, कपाटाकडं बघत उभी राहायची. तिसरा भाग तिचा अर्धा राहिला होता. तू तिच्या हातून घेतला होतास ना, त्याच पानावर. दिवाळीच्या सुट्टीआधी मी तो तिला दिला. वर्तमानपत्राचं कव्हर घालून, वर माझ्याच अक्षरात 'सामान्य विज्ञान' लिहून. मग चौथा. तुझ्या घरात, तुझ्या नजरेसमोर ती तो वाचत होती आणि तू तिला अभ्यास करते म्हणून दूध द्यायचीस. तुझ्याशी समोरासमोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी तुझ्या नातीला तुझ्याशी खोटं बोलायला शिकवलं. दुसरं काय म्हणणार ह्याला?

काल दुपारी शेवटचे पाहुणे गेल्यावर ईश्वरी मला गच्चीवर घेऊन गेली. स्वतः हात धरून. फ्रॉकच्या आत पोटाशी धरलेलं पुस्तक काढून तिनं माझ्यासमोर ठेवलं.

"सुमाआज्जी, हे परत घे."

"वाचून झालं?"

"न्हाय. नको मला." ती कव्हरवरचं 'सामान्य विज्ञान' नखानं खरवडत राहिली. "आज्जी माझ्यामुळं गेली न्हवं?"

मला कळेचना ती काय म्हणते आहे. तिनं तुझ्या फोनवर तो मेसेज वाचला होता. ज्या घरात वाचलं जातं, त्या घरावर संकट. त्यात तिसऱ्या दिवशी आलेल्या कुणा पाहुणीनं स्वयंपाकघरात उसासा टाकला होता, चांगली चालतीबोलती बाई, घरात काहीतरी वाईट शिरलं असणार. पोरगी तेव्हा पाणी भरत होती. ते वाईट आपल्या दप्तरात आहे, असं समजून ती इतके दिवस ते दप्तर उशाशी घेऊन झोपली होती.

मी आधी "छे, वेडी का तू" म्हणाले. सगळे म्हणतात तसं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग मी तुझी परवानगी न घेता एक गोष्ट केली. तिला दिगूची हकीकत सांगितली.

"तुझ्या पप्पांच्या आधी आज्जीला एक मुलगा होता."

"मला काका होता?"

"होता. त्याला ताप आला होता." आणि मग सगळंच सांगितलं. देवरशी, पाला, ते तीन दिवस, एसटी. शेजारणीला दिलेल्या शिव्या. "सगळा गाव म्हणत होता, कुणीतरी काहीतरी केलं. तुझी आज्जी एकटी म्हणत होती, कुणी काही केलं नाही, ताप होता. तिचा स्वतःचा मुलगा गेला होता, तरी तिनं त्या शेजारणीवर आळ घेतला नाही. मग तुझ्यावर घेईल?"

ईश्वरी ऐकत होती.

"आज्जीचं हृदय बंद पडलं. पुस्तकानं नाही, मंत्रानं नाही. ती असती तर हेच म्हणाली असती. आणि हे पुस्तक वाचलंस म्हणून तुला एक आणि दिलं म्हणून मला दोन धपाटे घातले असते."

"लई चिडली असती?"

"लई."

"पण माझ्यामुळं मेली म्हणाली नसती."

"नाही. तसं म्हणणाऱ्याला तिनं दारात उभं केलं नसतं."

तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांचं एकदम, हुंदके देत, माझ्या पदरात तोंड घालून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझ्या मनात एकच विचार होता, की ज्या वादात मी तुला कधी हरवू शकले नाही, त्यातलं तुझंच वाक्य मला शेवटी उपयोगी पडलं. ताप होता. तू अडतीस वर्षं एकटीनं ते धरून ठेवलं नसतंस, तर ह्या पोरीला द्यायला माझ्याकडं काय होतं? ते तुला सांगायला हवं होतं. बरं केलंस, असंही म्हणायला हवं होतं, त्या दिवशी, फाटकापाशी.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "दिगूकाका दिसाय कसा होता?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. मला आठवत होतं की तो चप्पल घालायचा नाही. मला 'सुमामावशी' न म्हणता नुसतं 'मावशे' म्हणायचा. पण चेहरा... आक्का, चेहरा येईना. त्याचा फोटो नव्हता कधीच. त्याला बघितलेलं तुझ्या सासरचं कुणी आता राहिलेलं नाही. तू होतीस. ईश्वरी माझ्याकडं बघत वाट बघत होती आणि मी सवयीनं मनात म्हटलं, थांब, आक्काला विचारते.

गच्चीवर ऊन होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते गालाला जाणवलं.

"तुझ्यासारखाच," मी तिला म्हणाले.

खरं होतं का गं ते?